बेसिनात ओतलेला साका



आज मी तुमच्यापुढे एक तक्रार घेऊन आलो आहे. तक्रार तुमच्याविरुद्ध नाही. ती थोडी माझ्याविरुद्ध आहे आणि बरीचशी आपल्याकडील रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांविरुद्ध आहे.

बी.एस्‌सी.च्या वर्गात असताना आम्हाला क्षारांचे पृथक्करण असे. एका पुडीत पांढरी भुकटी मिळे आणि तिच्यात कोणकोणते धातू आहेत ते शोधून काढायचे. भुकटीत फॉस्फेट असले की सारा खेळ बिघडे. द्रावणात अमोनिया घातला की कॅल्शियम, बेरियम हे धातू फॉस्फेटच्या संगतीने भलत्याच गटात खाली बसत आणि उत्तर चुके. म्हणून आधी फॉस्फेटला बाहेर काढावे लागे. त्यासाठी आम्ल द्रावणात झिर्कोनियम नायट्रेटचे थेंब टाकायचे. लगेच पांढरा, खळीसारखा बुळबुळीत साका तयार होई. (साका म्हणजे तुमच्या पुस्तकातला अवक्षेप.) तो गाळताना जीव मेटाकुटीस येई. गाळणकागदाची छिद्रे बुजून जात आणि शेजारचा मुलगा दोन गट पुढे निघून जाई.

एकदा मी प्रात्यक्षिक घेणाऱ्या सरांना विचारले, "सर, ह्या साक्यात असते तरी काय?"

"झिर्कोनियम फॉस्फेट. फेका ते आणि पुढे चला."

मी तो बेसिनात ओतला, नळ सोडला आणि पुढे गेलो. सरांचे उत्तर चूक नव्हते. पण ते उत्तरही नव्हते, हे मला फार उशिरा कळले. तेच मी आज सांगणार आहे.

साध्या मातीपासून सुरुवात करू. तुमच्यापैकी जे काळ्या जमिनीच्या मुलखातले आहेत त्यांनी एप्रिल-मे महिन्यात रानात पडलेल्या भेगा पाहिल्या असतील. पावसाळ्यात तीच जमीन फुगून भेगा मिटतात. ह्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते आणि ते थराथरांचे बनलेले असते, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे. थरांच्या फटीत पाणी शिरले की थर एकमेकांपासून दूर सरकतात आणि पाणी गेले की जवळ येतात. त्या फटीत पाण्याखेरीज कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम असे धन आयनही राहतात व त्यांची अदलाबदल होऊ शकते. इंग्लंडमध्ये १८५० साली टॉम्पसन आणि वे ह्या दोघांनी दाखवले की अमोनियम सल्फेटचे द्रावण मातीतून झिरपू दिले, की खाली कॅल्शियम सल्फेट बाहेर पडते. मातीने अमोनियम ठेवून घेतले आणि बदल्यात कॅल्शियम दिले. ह्या देवघेवीला आयन-विनिमय म्हणतात.

माणसाने पुढे असे विनिमय करणारे पदार्थ स्वतः बनवले. त्यांत राळेसारखे सेंद्रिय पदार्थ फार उपयोगी ठरले. पाणी मृदू करण्यासाठी तेच वापरतात. पण अणुशक्तीचे युग आले तेव्हा त्यांची उणीव लक्षात आली. अणुभट्टीतील इंधनाच्या राखेत, म्हणजे वापरून झालेल्या इंधनात, किरणोत्सर्गी सीझियम-१३७ असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. पाण्यात मिसळलेले हे सीझियम वेचून काढायचे तर विनिमय करणारा पदार्थ उष्णतेने आणि किरणोत्साराने नासता कामा नये. सेंद्रिय राळ तिथे टिकेना. म्हणून १९५० च्या दशकात अमेरिकेतील ओक रिज आणि इंग्लंडमधील हार्वेल येथील प्रयोगशाळा धातूंच्या फॉस्फेटांकडे वळल्या. त्यांत सर्वांत आशादायक ठरला तो झिर्कोनियम फॉस्फेट, अर्थात आमच्या बेसिनात गेलेला बुळबुळीत साका!

तो आम्लात विरघळत नाही, तापवला तर जळत नाही आणि सीझियमला चटकन धरतो. मग अडचण कुठे होती? अडचण अशी की प्रत्येक वेळी तो निराळाच निघे. झिर्कोनियमचे द्रावण किती, फॉस्फोरिक आम्ल किती, कोण कुणात ओतले, किती वेळ ढवळले, किती पाण्याने धुतले, ह्या सगळ्यांवर त्याची घडण ठरे. नुसता पाण्याने धुतला तरी त्यातले थोडे फॉस्फेट निघून जाई. एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीशी जुळत नसत. बाटलीवर मात्र चिठ्ठी एकच, "झिर्कोनियम फॉस्फेट".

१९६४ साली अब्राहम क्लिअरफील्ड आणि जे. ए. स्टाईन्स ह्या अमेरिकन संशोधकांनी ह्याच साक्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी केले काय? ऐकाल तर हसाल. त्यांनी तो साका फेकला नाही. तो फॉस्फोरिक आम्लात घातला आणि उकळत ठेवला. वाफ परत थंड होऊन भांड्यात पडेल अशी सोय केली आणि वाट पाहिली, तासभर नव्हे तर दिवसेंदिवस. आम्ल जितके तीव्र आणि उकळणे जितके दीर्घ, तितका साका बदलत गेला. खळीसारखा गोळा जाऊन त्याचे बारीक चकाकते स्फटिक झाले. गुळाचा पाक कच्चा असतो तेव्हा तो नुसता चिकट असतो आणि त्याच पाकातून खडीसाखर काढायला मात्र सावकाशीच लागते, असे काहीसे समजा. १९६८ साली इटलीतील आल्बर्टी आणि तोराक्का ह्यांनी दुसरी वाट काढली. त्यांनी हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या मदतीने झिर्कोनियमला द्रावणातच धरून ठेवले आणि ते आम्ल हळूहळू उडवून दिले. झिर्कोनियम थोडा थोडा मोकळा होई आणि स्फटिक सावकाश वाढे. (हे आम्ल काच खाते आणि कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करते. शाळेत त्याचे नावही काढू नका.)

आता माझ्या सरांच्या उत्तराकडे पुन्हा पाहा. "झिर्कोनियम फॉस्फेट" हे नाव साक्यालाही लागू आणि स्फटिकालाही लागू. पण साका सीझियमला आनंदाने आत घेतो आणि स्फटिक आम्ल द्रावणात सीझियमला दारातच अडवतो! नाव एक, वागणूक उलटी. किरणोत्सर्गी पाणी साफ करणाऱ्याने बाटलीवरच्या चिठ्ठीवर विसंबून चालेल काय?

ह्या उलट वागणुकीचे कारण पदार्थात काय आहे ह्यात नाही. ते कसे रचले आहे ह्यात आहे. ही रचना क्लिअरफील्ड आणि स्मिथ ह्यांनी १९६९ साली क्ष-किरणांच्या साह्याने उलगडली. झिर्कोनियमचे अणू जवळजवळ एका पातळीत, जाळीच्या गाठींसारखे बसलेले असतात. त्यांच्या वर आणि खाली फॉस्फेटचे गट असतात. प्रत्येक फॉस्फेटला चार ऑक्सिजन. त्यांतले तीन तीन निरनिराळ्या झिर्कोनियमना घट्ट धरून ठेवतात आणि चौथा ऑक्सिजन, डोक्यावर हायड्रोजन घेऊन, थराच्या बाहेर डोकावतो. असा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. थराच्या आतली पकड बळकट, पण एका थराची दुसऱ्यावरची पकड अगदी ढिली. दोन थरांमधील पोकळीत पाण्याचा एकेक रेणू बसतो. एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचे अंतर ७.५६ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.

डोकावणारे ते हायड्रोजन हीच देवघेवीची नाणी होत. सोडियम आला की हायड्रोजन जागा सोडतो. पण थरांमधल्या पोकळीत जाण्याची दारे अरुंद आहेत. सोडियम त्यातून जातो. सीझियमचा आयन थोराड, तो अडतो. बुळबुळीत साक्यात थर असे शिस्तीने लागलेले नसतात, पापुद्रे विस्कटलेले असतात, म्हणून तिथे सीझियमला वाट मिळते. स्फटिकातही अर्धे हायड्रोजन जाऊन सोडियम आपल्याबरोबर पाणी घेऊन बसला, की थर फाकतात आणि अंतर ११.८ अँगस्ट्रॉम होते. ब्युटिलअमाइन नावाचा लांबट रेणू आत शिरला तर ते १८.६ पर्यंत जाते. आपल्या काळ्या जमिनीचे फुगणे हेच, फक्त इथे आपण ते अंकात मोजतो आहोत.

हे अंतर मोजतात कसे, हे सांगितलेच पाहिजे, नाहीतर मीही सरांसारखाच ठरेन. १९१२ साली लॉरेन्स ब्रॅग ह्या तरुणाने क्ष-किरणांचा एक सोपा नियम शोधला. त्यासाठी त्याला आणि त्याच्या वडिलांना मिळून १९१५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी मुलाचे वय होते २५ वर्षे. स्फटिकातील समांतर थरांवरून क्ष-किरण परावर्तित होतात तेव्हा ठराविक कोनातच त्यांच्या लाटा एकमेकींना साथ देतात आणि तिथे झोत तेजस्वी दिसतो. थरांतील अंतर जितके अधिक, तितका हा कोन लहान. तांब्यापासून मिळणारे क्ष-किरण वापरले, तर आपल्या स्फटिकाचा पहिला झोत मूळ दिशेपासून ११.७ अंशांवर येतो. अर्धा सोडियम भरला की तोच सरकून ७.५ अंशांच्या आसपास येतो. जणू थर सरकल्याची वर्दी बाहेर आली. आणि बुळबुळीत साक्यावर क्ष-किरण टाकले तर? तीक्ष्ण झोत नाहीच, नुसता एक पसरट, धूसर उंचवटा. शिस्त नसेल तर साथही नाही.

"हे सगळे ठीक," एखादे शिक्षक म्हणतील, "पण आमच्या शाळेत तराजू धड नाही आणि तुम्ही क्ष-किरणांच्या गोष्टी सांगता!" गुरुजी, तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पण पदार्थाची ओळख पटवायला दर वेळी क्ष-किरणच लागतात असे मुळीच नाही. तराजूच पाहा. झिर्कोनियम फॉस्फेटच्या स्फटिकाचा सूत्रभार सुमारे ३०१. तो तापवत नेला तर शे-दोनशे अंशांच्या आसपास पोकळीतला पाण्याचा रेणू निघून जातो. वजन सुमारे ६ टक्के घटते. मग बराच वेळ काही होत नाही. चारशे अंशांच्या पलीकडे पुन्हा जवळजवळ ६ टक्के घट! हे पाणी आत बसलेले नव्हते. दोन शेजारी फॉस्फेट आपापले हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन देऊन ते तिथल्या तिथे घडवतात आणि एकमेकांशी जोडले जातात. मागे राहते ते पायरोफॉस्फेट, सूत्रभार २६५. म्हणजे ३.०१ ग्रॅम स्फटिक घ्या, शेवटी २.६५ ग्रॅम उरले पाहिजेत. उरले नाहीत तर तुमच्या बाटलीत चिठ्ठीवरचा पदार्थ नाही.

ब्युरेटचेही तसेच. सूत्रात अदलाबदल करू शकणारे दोन हायड्रोजन आहेत. ३०१ ग्रॅममध्ये दोन मोल, तर एका ग्रॅममध्ये किती? भागाकार करा: ६.६४ मिलिमोल. मीठ घातलेल्या पाण्यात हा स्फटिक टाकून सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेले, तर आम्लता दोन पायऱ्यांनी उतरते. आधी अर्धे हायड्रोजन, मग उरलेले अर्धे. तराजू, बर्नर, ब्युरेट आणि भागाकार एवढ्यावर तुम्ही जवळजवळ थरांपर्यंत पोचता. क्ष-किरण त्यावर शिक्कामोर्तब करतात.

आपल्या देशात हे काम झालेले नाही असेही समजू नका. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मोहसिन कुरेशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातूंच्या अशा आम्लीय क्षारांवर आणि त्यांच्या आयन-विनिमयावर वर्षानुवर्षे संशोधन केले. अशा कामात एक पदार्थ बनवायला एक दिवस लागला, तर तो नक्की काय आहे हे सिद्ध करायला महिने जातात. बाहेरच्यांना पहिला दिवस दिसतो.

आणि ह्या पदार्थाचे काम अणुभट्टीपुरतेच राहिले नाही. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत त्यांना डायलिसिस करावे लागते. नेहमीच्या पद्धतीत एका वेळी शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध द्रावण लागते. १९७० च्या दशकात अमेरिकेत अशी एक पद्धत वापरात आली की तेच सुमारे सहा लिटर द्रावण पुन्हा पुन्हा साफ करून फिरवायचे. रक्तातला युरिया त्या द्रावणात उतरतो. युरीएज नावाचे विकर त्याचे अमोनियम आणि कार्बोनेट करते. अमोनियम शरीरात परत जाऊ देणे म्हणजे विष देणे. तिथे पहारा करतो झिर्कोनियम फॉस्फेट. तो अमोनियम पकडतो आणि बदल्यात सोडियम व हायड्रोजन सोडतो. वे आणि टॉम्पसनच्या मातीने केले तेच! गंमत म्हणजे इथे सुबक स्फटिक वापरत नाहीत, अस्फटिकी प्रकारच वापरतात, म्हणजे आमच्या साक्याचा नीट निगराणीखाली बनवलेला भाऊ. तेव्हा साका वाईट आणि स्फटिक चांगला असे माझे म्हणणे नाही. पण कोणता प्रकार हातात आहे आणि तो एका ग्रॅमला किती अमोनियम धरील, हे माहीत नसताना तो कुणा रुग्णाच्या रक्ताशी जोडता येईल का, हे तुम्हीच सांगा.

आता माझी तक्रार स्पष्ट करतो. आपल्या शाळा-कॉलेजांत पदार्थ "मिळाला" की प्रयोग संपतो. पांढरा साका आला, समीकरण लिहिले, सही झाली. समीकरणात बाणाच्या उजवीकडे जे लिहिले तेच परीक्षानळीत आहे, हे आपण गृहीत धरतो. मला विचाराल तर प्रयोगाच्या दहा गुणांपैकी पाच गुण ह्या एका प्रश्नाला असावेत: "हे तेच आहे कशावरून?" मग पदार्थ एकच का होईना. वर्षाकाठी वीस साके पाडून वीस वेळा बेसिनात ओतण्यापेक्षा एकच साका ठेवावा. तो वाळवावा, तोलावा, तापवावा, पुन्हा तोलावा आणि आकडा वहीत लिहावा. अभ्यासक्रम पुरा होणार नाही, हा आक्षेप मी ऐकलेला आहे. न होवो. सध्या जो पुरा होतो आहे तो साक्यांच्या रंगांच्या यादीचा.

झिर्कोनियम महाग आहे आणि उकळते फॉस्फोरिक आम्ल तुमच्या हाती द्यायला मी धजणार नाही. पण मोरचूद शाळेत असतेच. शिक्षकांच्या देखरेखीखाली २.५० ग्रॅम निळे मोरचूद चिनी मातीच्या मुशीत घेऊन हळूहळू तापवा. जोरात तापवू नका, नाहीतर मोरचूदच फुटू लागेल. थंड करा, तोला. पुन्हा तापवा, पुन्हा तोला. दोन वजने सारखी येईपर्यंत हे करत राहा. पुस्तकाप्रमाणे पाचही पाणी निघून गेले तर ०.९० ग्रॅम घट यायला हवी, म्हणजे ३६ टक्के.

पुष्कळांची ती येणार नाही. ज्यांची आच मंद असेल त्यांची घट ०.७२ ग्रॅमच्या आसपास येऊन अडेल, म्हणजे २९ टक्के. कितीदाही तापवा, त्याच आचेवर ती पुढे हलणार नाही. अशा वेळी वहीत खोडून ३६ लिहिण्याचा मोह होतो; मीही तो केला आहे. तसे करू नका. २९ हा आकडा चुकलेला नाही. मोरचूदातले चार पाण्याचे रेणू शंभराच्या थोडे वर निघून जातात आणि पाचवा दोनशे अंशांच्या पलीकडे गेल्याशिवाय जागा सोडत नाही, कारण तो निराळ्या रीतीने बांधलेला आहे. झिर्कोनियम फॉस्फेटचे पाणी दोन हप्त्यांत जाते, तसेच हे. ०.७२ लिहा, खाली आचेचे वर्णन लिहा आणि शिक्षकांना तो आकडा दाखवा.